चारशे अकरा

गॅरेजमध्ये, बर्फाच्या टायरांमागे,
सतरा खोकी.
प्रत्येकात पंचवीस रेकॉर्डी, शेवटच्यात अकरा.
बाबा मोजतात दर ऑक्टोबरला,
टायर बदलायच्या दिवशी.
आकडा चुकत नाही.
चुकायला कुणी काही न्यायला तर हवं.

छापल्या होत्या पाचशे.
तीस रेडिओवाल्यांना गेल्या,
सहा सोल्वेग आत्याला,
तिनं एक भिंतीवर लावली,
बाकीच्या पाचांचं काय झालं
ते आमच्या घरात विचारायचं नसतं.

मुखपृष्ठावर चौघं गोठलेल्या खाडीवर उभे,
केस खांद्यापर्यंत, कोट उसने.
धुराचं यंत्र थंडीनं बंद पडलं,
म्हणून मागे दिसतो तो धूर
हुसुमच्या कागद कारखान्याचा,
जिथं सोमवारी सकाळी सहाला
चौघंही हजर.
नाव सोनेरी अक्षरांत. त्यात एक अक्षर कमी.
छापणाऱ्यानं माफी मागितली
आणि पैसे पूर्ण घेतले.

कोनी म्हणायचा, आपण सहा महिने उशिरा आलो.
सिक्स्तेन म्हणायचा, सहा वर्षं.
बेंगत-ओके काही म्हणायचा नाही,
तो बास वाजवायचा.

फेब्रुवारीतल्या तीन रात्री, अर्ध्या भाड्यात,
त्यांनी नऊ गाणी उरकली.
चौथ्याच्या आधी
कान देऊन ऐकलं तर फ्रिजची घरघर येते.
मग गिटार.
फ्रिज बंद करता येत नव्हता, आत मालकाचं हरणाचं मांस होतं,
तर बाबांनी तारा
फ्रिजच्या सुरात लावून घेतल्या.

सात वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं
ते चौथं गाणं सगळ्यांनाच येतं.
जसं जेवणाआधी हात धुणं येतं,
जसं बूट दाराशी काढायचे हे कुणी शिकवत नाही.
शाळेत बाई म्हणाल्या, सगळे मिळून म्हणू असं एक सुचवा.
मी हात वर केला आणि सुरूच केलं.
पहिली ओळ एकटी.
दुसरी ओळ एकटी.
धृपदाशी थांबले,
आता येतील सगळे.

खिडकीबाहेर कुणीतरी
सायकलची साखळी चढवत होतं.

कुणाचं गं हे? बाईंनी विचारलं.
कुणाचं म्हणजे? मी म्हटलं.

घरी सांगितलं नाही.
पण बाबांना कळलं असावं,
त्या आठवड्यात त्यांनी शिट्टी वाजवली नाही.

रेकॉर्ड खपली नाही.
माणसं खपली.
बाकीचे तिघं तीन पाळ्यांत,
कोनी पंचावन्नाव्या वर्षी, यकृतानं.
त्याच्या बायकोनं खाडीकाठच्या चर्चमध्ये
गाणं लावायचं ठरवलं होतं,
पण तिथं फक्त सीडी चालायची.

शेवटच्या धृपदात सूर एक पायरी वर चढतो.
स्वस्त युक्ती आहे, बाबाच म्हणतात,
तेव्हा सगळेच करायचे.
पण त्या पायरीवर पाय ठेवण्याआधी
कोनी श्वास घेतो,
आणि तो पुसायचा राहून गेलाय.
बाबा आता बर्फ उपसायची गाडी चालवतात,
पहाटे चारला, पुलापासून शाळेपर्यंत.
एकदा मी शेजारी बसले होते.
पुलाच्या मधोमध त्यांनी स्टिअरिंगवरचा हात उचलला,
श्वास घेतला,
आणि पुढे काहीच गायले नाहीत.
पातं रस्त्यावर खरवडत राहिलं.

या ऑक्टोबरला चारशे दहा निघाल्या.
त्यांनी पुन्हा मोजल्या.
शेवटचं खोकं जमिनीवर ओतून, तिसऱ्यांदा.
मी वाकून नट आवळत होते,
आवळलेलेच पुन्हा.
माझ्या डिकीत, चादरीखाली,
एक.
माझ्याकडे प्लेअर नाही.

कुणीतरी नेली, बाबा म्हणाले.
मग जरा वेळानं, हात पुसत:
बघून नेली असणार, वरची नाही उचलली.

रात्री निघताना पाहिलं,
गॅरेजला कुलूप नव्हतं.